एका मशीनवर दोन कारभारी

डेबियन या लिनक्स वितरणात ‘पायथन3-पिप’ नावाचे एक पॅकेज मिळते. पायथन भाषेतल्या लायब्रऱ्या इंटरनेटवरून आणून मशीनवर बसवणारा पिप हा प्रोग्रॅम त्यात असतो. वरवर पाहता हजारो पॅकेजांपैकी हे एक. पण डेबियनच्या मेंटेनर मंडळींना ज्या पॅकेजांनी वर्षानुवर्षे दमवले, त्यांची यादी केली तर याचा नंबर बराच वर लागेल. पॅकेजे बसवणे हे डेबियनचे मुख्य काम आणि पिपचेही तेच काम. एकाच मशीनवर दोन कारभारी नेमायचे, दोघांच्या हाती किल्ल्या द्यायच्या आणि तरी एकाने दुसऱ्याच्या खोलीत पाय ठेवता कामा नये, असा हा मामला आहे.

वितरण म्हणजे काय, हे आधी पाहायला हवे. लिनक्स हे नाव खरे तर फक्त कर्नलचे, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याचे. त्याभोवती शेकडो ठिकाणी, शेकडो लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम गोळा करायचे, एकमेकांशी जुळवायचे आणि एकसंध यंत्रणा म्हणून वापरणाऱ्याच्या हाती द्यायची, हे काम वितरण करते. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट 1993 मध्ये डेबियनची घोषणा केली. आज उबुंटूसह अनेक वितरणे डेबियनच्या पायावर उभी आहेत. जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 या आवृत्तीत 64 हजारांहून अधिक पॅकेजे होती. ती बसवणे, काढणे, अद्ययावत करणे ही सगळी कामे डीपीकेजी आणि त्याच्यावर बसलेला ॲप्ट हे प्रोग्रॅम करतात. मशीनवरची कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, याची चोख नोंद त्यांच्याकडे असते.

या व्यवस्थेचे नियम कडक आहेत. प्रत्येक पॅकेजला जबाबदार मेंटेनर असतो. पॅकेजचा सोर्स कोड उपलब्ध असावा लागतो आणि त्याचा परवाना डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरविषयक निकषांत बसावा लागतो. स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. ती निघण्याआधी काही महिने नव्या गोष्टी घेणे थांबवतात, आणि ती बाहेर पडल्यावर तिच्यातल्या पॅकेजांच्या आवृत्त्या सहसा बदलत नाहीत. सुरक्षेतले भोक सापडले, तर ते बुजवणारा नेमका तेवढा बदल जुन्या आवृत्तीवर चढवला जातो. त्यामुळे काल चाललेले आज चालते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना डेबियन आवडते ते याच संथपणामुळे.

पिपचा स्वभाव नेमका उलटा. इयन बिकिंग यांनी 2008 मध्ये तो लिहिला. पिप ज्या कोठारातून माल आणतो, त्या पायपीआयची सुरुवात 2003 सालची. तिथे आज पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. खाते उघडले की कोणीही आपली लायब्ररी तिथे ठेवू शकतो. प्रकाशित होण्याआधी ती वाचून पसंत-नापसंत करणारा मेंटेनर मध्ये नसतो. सकाळी लेखकाने नवी आवृत्ती चढवली, की दुपारी ती जगभर उतरवून घेता येते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हेच हवे असते. एका प्रकल्पाला एखाद्या लायब्ररीची गेल्या आठवड्यातली आवृत्ती लागते, शेजारच्या प्रकल्पाला तिचीच तीन वर्षांपूर्वीची. आणि दोन्हींसाठी दोन वर्षे थांबायची कोणाची तयारी नसते.

मग भाषावाल्यांनी वितरणांच्याच पॅकेज मॅनेजरवर काम का भागवले नाही? कारण त्यांचे बहुसंख्य वापरकर्ते विंडोज आणि मॅकवर असतात. तिथे ॲप्ट नाही. लिनक्समध्येही डेबियनची पद्धत वेगळी, फेडोराची वेगळी, आर्चची आणखी वेगळी. सगळीकडे एकसारखे चालणारे साधन हवे असेल तर ते भाषेनेच द्यायला हवे. म्हणून रुबीने जेम काढले, नोडने एनपीएम, रस्टने कार्गो. यात कोणाचा आडमुठेपणा नाही; पण लिनक्सच्या मशीनवर या साधनांची आणि वितरणाची हद्द एकमेकांवर चढते, आणि ती आखून देण्याचे काम पॅकेज करणाऱ्याच्या गळ्यात पडते.

पिपचे डेबियन पॅकेज करायचे, तर सुरुवात बाकीच्या पॅकेजांसारखीच होते. मूळ लेखकांनी प्रसिद्ध केलेला सोर्स कोडचा गठ्ठा घ्यायचा आणि त्यात ‘डेबियन’ नावाचा फोल्डर घालायचा. ‘कंट्रोल’ फाइलमध्ये पॅकेजचे नाव, वर्णन आणि त्याला लागणारी इतर पॅकेजे लिहायची, ‘रूल्स’मध्ये बांधणीच्या सूचना, ‘कॉपीराइट’मध्ये कोणती फाइल कोणाची आणि कोणत्या परवान्याखाली, याचा पूर्ण हिशेब. मूळ कोडमध्ये बदल हवे असतील तर ते सरसकट खरडून ठेवायचे नाहीत. प्रत्येक बदलाचा वेगळा पॅच करून ‘पॅचेस’मध्ये ठेवायचा, म्हणजे नव्या आवृत्तीवर तो पुन्हा चढवता येतो आणि कोणालाही तपासता येतो. बांधणी चालू असताना इंटरनेटवरून काहीही ओढायला मनाई असते. जे लागेल ते सगळे आधीच डेबियनमध्ये असले पाहिजे. इंटरनेटवरून आणणे हाच ज्याचा धंदा, त्या प्रोग्रॅमची बांधणी इंटरनेट तोडून करावी लागते, ही यातली एक गंमत.

पहिली ठेच मूळ गठ्ठ्यातच लागते. पिपच्या पोटात डिस्टलिब नावाची लायब्ररी असते, आणि तिच्यात विंडोजवर आज्ञा चालू करण्यासाठी लागणाऱ्या काही तयार ‘ईएक्सई’ फाइली असतात. डेबियनवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. पण मुद्दा उपयोगाचा नसतो. त्या फाइली यंत्राच्या भाषेत आहेत आणि ज्या कोडपासून त्या झाल्या तो गठ्ठ्यात नाही, म्हणून डेबियनच्या निकषांत त्या बसत नाहीत. सबब मेंटेनर त्या काढून गठ्ठा नव्याने बांधतो आणि आवृत्तीच्या आकड्याला ‘डीएफएसजी’, म्हणजे याच निकषांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे, ही शेपटी लावतो. डेबियन 12 मधल्या पिपची आवृत्ती म्हणूनच 23.0.1+डीएफएसजी-1 अशी लिहिलेली दिसते. पिप वापरणाऱ्या कोणाला या फाइली गेल्याचे कळतही नाही. तरी हे काम इमानेइतबारे होते, आणि डेबियनची पत अशाच कामांतून तयार झालेली आहे.

दुसरी अडचण याहून बरीच खोल आहे. पिपला स्वतःला चालायलाही लायब्रऱ्या लागतात: वेबवरून फाइल आणण्यासाठी रिक्वेस्ट्स आणि यूआरएललिब3, प्रमाणपत्रे तपासण्यासाठी सर्टिफाय, टर्मिनलवर रंगीत प्रगतिपट्टी दाखवण्यासाठी रिच, कोणत्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात हे सोडवण्यासाठी रिझॉल्व्हलिब. अशा दीड-दोन डझन लायब्रऱ्यांच्या प्रती पिपचे लेखक पिपच्याच पोटात ‘व्हेंडर’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून देतात. त्यामागचे कारण बिनतोड आहे. पिप बाहेरच्या रिक्वेस्ट्सवर अवलंबून असता, तर वापरणाऱ्याने पिपकरवीच रिक्वेस्ट्स काढून टाकल्यावर किंवा तिची न जुळणारी आवृत्ती बसवल्यावर पिप जागीच बंद पडला असता. आणि दुरुस्त करायला पिप लागला असता.

डेबियनचे धोरण मात्र सांगते की एका लायब्ररीची यंत्रणेत एकच प्रत असावी. हेही कारण तितकेच बिनतोड. यूआरएललिब3 मध्ये सुरक्षेची चूक सापडली आणि तिच्या प्रती दहा प्रोग्रॅमांच्या पोटात दडलेल्या असल्या, तर सुरक्षा पथकाला दहा ठिकाणी शोधून दहा दुरुस्त्या कराव्या लागतात आणि अकरावी प्रत नजरेतून सुटते. एकच प्रत असेल तर एका दुरुस्तीत काम संपते. त्यामुळे डेबियनने कित्येक वर्षे पिपच्या पोटातल्या लायब्रऱ्या बाहेर काढल्या आणि त्यांच्या जागी डेबियनमधल्या लायब्रऱ्यांची जोडणी केली. पिपच्या लेखकांनी त्यासाठी ‘डीबंडल्ड’ नावाचा एक खटकाही कोडमध्ये ठेवलेला आहे. त्यासोबत ‘असे शक्यतो करू नका’ हा सल्लाही आहे.

सल्ला अनुभवातून आला होता. बाहेरच्या लायब्ररीची आवृत्ती पुढेमागे झाली की पिप अनाकलनीय चुका दाखवी, आणि वापरणारे तक्रार घेऊन पिपच्या लेखकांकडे जात. तिथे कळे, की चूक मूळ पिपमध्ये नसून वितरणाने बदललेल्या पिपमध्ये आहे. डेबियनने पुढे हा खटाटोप सोडला आणि पिपच्या पोटातल्या लायब्रऱ्या पोटातच राहू दिल्या. धोरणाला अपवाद करावा लागला, पण या ठिकाणी तो रास्तच म्हणायला हवा. जो प्रोग्रॅम बाकीच्या लायब्रऱ्यांची उलथापालथ करतो, त्याचे स्वतःचे पाय तरी स्थिर हवेत.

तिसरा प्रश्न पिपने पहिल्यांदा मशीनवर यायचे कसे, हा. मार्च 2014 मध्ये आलेल्या पायथन 3.4 पासून ‘एन्शुअरपिप’ नावाची सोय पायथनसोबतच येऊ लागली; तिच्यात पिपची एक प्रत तयार ठेवलेली असते. डेबियनने यंत्रणेच्या पायथनसाठी ही सोय बंद ठेवली. ॲप्टला न विचारता आणखी कोणी यंत्रणेत पिप बसवावा, हे त्याला मंजूर नव्हते. प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळा सवतासुभा, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करताना मात्र ही सोय लागतेच. ती ‘पायथन3-व्हीएन्व्ह’ या वेगळ्या पॅकेजमध्ये काढली गेली, आणि पुस्तकात दिलेली साधी आज्ञा डेबियन-उबुंटूवर ‘आधी अमुक पॅकेज बसवा’ असे सांगून थांबू लागली. नवशिक्यांनी यावर जितकी चरफड केली, तितकी दुसऱ्या कशावर क्वचितच केली असेल. भाषेसोबत जे यायला हवे ते तुकड्यांत वाटणे डेबियनच्या चौकटीत तर्कशुद्ध आहे, पण पायथन शिकायला बसलेल्या मुलाला त्या चौकटीची ओळख पहिल्याच दिवशी का व्हावी, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

आता मुख्य भांडणाकडे. वर्षानुवर्षे इंटरनेटवरच्या सूचनांत एक ओळ छापून येत असे: ‘सुडो पिप इन्स्टॉल अमुक’. सुडो म्हणजे प्रशासकाचा अधिकार. तो हाती आला की पिप यंत्रणेच्या पायथनमध्येच लायब्रऱ्या बसवतो. आणि यंत्रणेचा पायथन काही फक्त प्रोग्रॅमरसाठी नसतो. डेबियनमधली चूक कळवायला वापरायचा रिपोर्टबग पायथनमध्ये आहे. उबुंटूत नवे कोठार जोडण्याची आज्ञाही पायथनमध्येच आहे. फेडोरासारख्या रेड हॅटच्या घराण्यातल्या वितरणांत तर यम हा पॅकेज मॅनेजरच पायथनमध्ये लिहिलेला होता आणि मूळचा डीएनएफही. तिथे पायथनची मोडतोड झाली की दुरुस्तीचे हत्यारच निकामी होते.

डेबियनने यावर आधी जागांची वाटणी केली. पायथनच्या प्रथेप्रमाणे लायब्रऱ्या ‘साइट-पॅकेजेस’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात. डेबियनने आपल्या पायथनसाठी त्याचे नाव बदलून ‘डिस्ट-पॅकेजेस’ केले, म्हणजे कोणी स्वतः बांधलेला दुसरा पायथन मशीनवर असला तरी त्याच्याशी गल्लत होणार नाही. ॲप्टने आणलेले ‘यूएसआर’खालच्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये आणि प्रशासकाने पिपने आणलेले ‘यूएसआर-लोकल’खालच्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये, अशी ही विभागणी. फाइलींवर फाइली चढणे त्यामुळे थांबले. पण पायथन लायब्ररी शोधताना ‘लोकल’मध्ये आधी पाहतो. तिथे रिक्वेस्ट्सची नवी आवृत्ती सापडली की यंत्रणेचे प्रोग्रॅमही तीच उचलतात, आणि त्यांची चाचणी तर जुन्या आवृत्तीवर झालेली असते. भिंत उभी राहिली, पण दार उघडेच राहिले.

एप्रिल 2018 मध्ये या दाराने चांगलाच हिसका दिला. पिपची 10 ही आवृत्ती आली आणि तिच्यात आतली रचना बदलून ‘इंटर्नल’ नावाच्या भागात हलवण्यात आली. पिपची ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ ही सूचना पाहून असंख्य लोकांनी पिपकडूनच पिप अद्ययावत करून घेतला. नवा पिप ‘लोकल’मध्ये किंवा वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरमध्ये बसला. पण टर्मिनलवर ‘पिप’ टाइप केल्यावर चालू होणारी छोटी फाइल डेबियन-उबुंटूने दिलेली जुनीच होती. ती सवयीप्रमाणे पिपकडे ‘मेन’ हे फंक्शन मागायला गेली. नव्या पिपमध्ये ते त्या जागी नव्हते. ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम मेन’ एवढे बोलून पिप आडवा झाला. जुनी फाइल ॲप्टची, नवा कोड पिपचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि वापरणारा मध्ये अडकलेला.

असे प्रकार टाळायला डेबियनचे पिप पॅकेज काही पॅच बाळगून आहे. एक पॅच ‘नवी आवृत्ती आली’ ही सूचनाच बंद करतो, कारण नवी आवृत्ती आणणे हे ॲप्टचे काम. दुसऱ्याचे नाव ‘हँड्स-ऑफ-सिस्टिम-पॅकेजेस’. नावाप्रमाणेच तो पिपला ॲप्टच्या मालाला हात लावू देत नाही. पिपने ॲप्टची एखादी लायब्ररी काढायचा प्रयत्न केला, तर ती आपल्या हद्दीबाहेर असल्याचे सांगून तो हात आखडता घेतो. तिसऱ्या पॅचने साध्या वापरकर्त्यासाठी यंत्रणेऐवजी त्याच्या घरच्या फोल्डरमध्ये बसवणे हा पिपचा रिवाज केला. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या पिप 20 ने जवळपास हीच कल्पना मूळ पिपमध्ये घेतली: यंत्रणेच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा नसेल, तर लायब्ररी घरच्या फोल्डरमध्ये जाते.

पॅच वाढत गेले तरी मूळ दुखणे तसेच होते. पिपला तो कुठे बसला आहे हे कळत नव्हते. विंडोजवरचा पायथन आणि डेबियनचा पायथन त्याला सारखेच दिसत. ही उणीव भरून काढण्यासाठी 2021 मध्ये पायथनच्या सुधारणा-प्रस्तावांत क्रमांक 668 चा प्रस्ताव मांडला गेला. तो लिहिणाऱ्यांत वितरणांची माणसे होती आणि पिपचीही. एकमेकांच्या पाठीमागे पॅच चढवण्याऐवजी दोघे एका टेबलावर बसले, हेच त्याचे मोठेपण. उपाय अगदी साधा निघाला. वितरणाने आपल्या पायथनच्या मूळ लायब्रऱ्यांच्या फोल्डरमध्ये ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड’ नावाची एक फाइल ठेवायची. पिपला ती दिसली की त्याने समजायचे: या पायथनचा कारभार दुसऱ्याकडे आहे. मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर त्याने काहीही बसवायचे नाही. प्रशासक म्हणून नाही आणि घरच्या फोल्डरमध्येही नाही.

पाटी लावण्यापुरतीच ही फाइल नसते. वापरणाऱ्याला काय सांगायचे तो मजकूरही वितरण तिच्यातच लिहून ठेवते आणि पिप तो जसाच्या तसा दाखवतो. डेबियनच्या मजकुरात तीन वाटा सुचवलेल्या असतात: ॲप्टने पॅकेज बसवा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, किंवा पायथनमधल्या तयार आज्ञा वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवणारा पिपएक्स वापरा. मजकूर वेगवेगळ्या भाषांत ठेवण्याची तरतूदही प्रस्तावात आहे. फाइलमध्ये ‘एरर-एमआर’ या नावाने मजकूर घातला, तर मराठी निवडलेल्या मशीनवर पिप मराठीतून अडवेल.

जानेवारी 2023 मधल्या पिप 23.0 पासून ही फाइल पाहिली जाऊ लागली. उबुंटू 23.04 आणि त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या डेबियन 12 ने ती लावली, आर्चनेही लावली. ज्या सूचना दहा वर्षे बिनबोभाट चालत होत्या, त्या एका दिवसात अडू लागल्या आणि ओरड झाली. अडून बसणाऱ्यांसाठी 23.0.1 मध्ये एक पळवाटही देण्यात आली, पण तिचे नाव मुद्दाम ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ असे ठेवले, म्हणजे टाइप करणाऱ्याला आपण काय मोडायला निघालो आहोत ते टाइप करतानाच दिसावे. कंटेनरमध्ये, जिथे मशीनच तात्पुरते असते, ती सर्रास वापरली जाते आणि तिथे फारसे बिघडत नाही. रोजच्या वापराच्या मशीनवर तिची सवय लावून घेणे मात्र शहाणपणाचे नाही.

इतर भाषांची गाडी याच रस्त्याने, वेगवेगळ्या खड्ड्यांतून गेली आहे. डेबियनमधल्या रुबीच्या जेमला स्वतःला अद्ययावत करायला सांगितले, तर ही सोय डेबियनवर बंद असल्याचे उत्तर येते. एनपीएमचे प्रकरण सर्वांत अवघड ठरले. तो स्वतःच शेकडो चिमुकल्या लायब्रऱ्यांवर उभा आहे, त्यातल्या काही तर मोजक्या ओळींच्या, आणि प्रत्येकीचे वेगळे पॅकेज करायचे म्हटले की माणसेच पुरत नाहीत. 2017 सालच्या डेबियन 9 मध्ये एनपीएम नव्हताच. तो पुढच्या आवृत्तीत परतला. कार्गोची गोष्ट वेगळी: त्याची बांधणी करायला रस्टचा कंपायलर लागतो, आणि रस्टचा नवा कंपायलर बांधायला आदल्या आवृत्तीचा. साखळीतला एक दुवा चुकला तरी पुढची पॅकेजे अडतात.

डेबियन किंवा उबुंटू वापरणाऱ्याने यातून घ्यायचे ते थोडकेच आहे. हवी असलेली लायब्ररी आधी ॲप्टमध्ये पाहावी; तिचे नाव बहुधा ‘पायथन3’ने सुरू होते. तिथे मिळाली आणि थोडी जुनी चालत असली तर तीच घ्यावी, तिच्या सुरक्षेची काळजी डेबियन वाहते. नवी आवृत्ती हवीच असेल तर ‘पायथन3-व्हीएन्व्ह’ बसवून प्रकल्पापुरते व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावे. त्याच्या आत पिपला पूर्ण मोकळीक आहे, पिपने पिप अद्ययावत करायलाही हरकत नाही. पायथनमध्ये लिहिलेली एखादी तयार आज्ञा हवी असेल तर पिपएक्स बरा. आणि जुन्या लेखात ‘सुडो पिप इन्स्टॉल’ अशी ओळ दिसली, तर ती गाळून पुढे वाचावे.